सरहद्दीवरील शस्त्रक्रिया : प्रस्तावना

जठराच्या पाठीमागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून आडवा पडलेला स्वादुपिंड हा अवयव लांबीने वीतभरही भरत नाही. पण निसर्गाने त्याला जी जागा नेमून दिली आहे ती इतकी गजबजलेली आहे, की त्याच्यात उद्भवलेल्या अर्बुदाचा विचार केवळ त्याच्यापुरता करताच येत नाही. त्याचे मस्तक आद्यांत्राच्या कमानीत घट्ट बसलेले. त्या मस्तकाला भेदूनच पित्तनलिका खाली उतरते. त्याच्या मानेच्या नेमक्या पाठीमागे, आतड्याकडून येणारी ऊर्ध्व आंत्र-नीला आणि प्लीहेकडून येणारी नीला एकमेकींस मिळून प्रवेशिका नीला, म्हणजे आमचे शस्त्रवैद्य जिला पोर्टल व्हेन म्हणतात ती, तयार होते, आणि यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग तीच वाहून नेते. त्या नीलेच्या डाव्या अंगाला महारोहिणीपासून निघालेली ऊर्ध्व आंत्र-रोहिणी असून जवळजवळ सगळ्या लहान आतड्याचे आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाचे प्राण तिच्यावर अवलंबून असतात. तिच्या किंचित वर जठर, यकृत व प्लीहा या तिघांना शाखा देणारा उदर-रोहिणीचा आखूड बुंधा. या वाहिन्या आणि स्वादुपिंड यांच्यामध्ये थोडासा मेद आणि मज्जातंतूंचे जाळे, एवढीच काय ती सरहद्द.

त्या सरहद्दीवर कर्करोग येऊन पोहोचला, वाहिनीला भिडला किंवा तिच्या भिंतीत शिरला, म्हणजे शस्त्र उचलावे की नाही, हा प्रस्तुत लेखसंग्रहाचा विषय आहे. लेखकांमध्ये शस्त्रवैद्य आहेत, क्ष-किरणतज्ज्ञ आहेत, रसायनोपचार करणारे आहेत. प्रस्तावना लिहिण्याचे काम मात्र विकृतिशास्त्राच्या एका जुन्या सेवकाकडे आले, याचे कारण संपादकांना बहुधा असा माणूस हवा होता की ज्याला शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचा आनंद प्रत्यक्ष भोगावा लागत नाही. रोग्याची आणि माझी गाठ पडत नाही. त्याच्या देहातून काढलेला भाग फॉर्मॅलिनमध्ये बुडून माझ्या टेबलावर येतो, आणि मी त्याची कैफियत लिहितो. या बैठकीवरून जे दिसते ते थोडक्यात असे: नीला किंवा रोहिणी कापून पुन्हा जोडता येते काय, हा प्रश्न हस्तकौशल्याचा होता व त्याचे उत्तर बहुतांशी मिळून चुकले आहे, ती कापल्याने रोग्याच्या पदरात काय पडते हा प्रश्न हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब मांडताना कोणाकोणाला मोजायचे, मोजणी कोणत्या दिवसापासून धरायची, यावर सारा निकाल फिरतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे धाडस आणि माघार यांची आळीपाळीने आलेली प्रकरणे होत. १८९८ मध्ये इटलीत कोडिविला यांनी स्वादुपिंडाचे मस्तक आणि आद्यांत्र एकत्र काढण्याचा पहिला प्रयत्न केला, आणि रोगी फार दिवस जगला नाही. १९०९ मध्ये बर्लिनच्या वाल्टर काउश यांनी तेच काम दोन टप्प्यांत करून रोग्याला काही महिने जगविले. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह जो लेख प्रसिद्ध केला त्यामुळे ही शस्त्रक्रिया त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आजही कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात नातेवाईक ‘व्हिपल करायचंय म्हणतात’ असेच बोलताना आढळतात. ज्यांच्या नावाने ती जगभर चालते, त्या व्हिपल यांनी स्वतः आयुष्यात ती उणीपुरी ३७ वेळा केली, आणि आरंभीचे त्यांचे रोगी स्वादुपिंडाच्या नव्हे, तर पित्तनलिकेच्या मुखाशी उद्भवलेल्या कर्करोगाचे होते. काविळीमुळे रक्त गोठत नसे. ती अडचण जीवनसत्त्व ‘के’ उपलब्ध झाल्यावर दूर झाली, आणि १९४० मध्ये सारे काम एका बैठकीत उरकणे शक्य झाले.

तरीही पुढची तीन दशके या शस्त्रक्रियेची अब्रू बेताचीच होती. कित्येक ठिकाणी चार-पाच रोग्यांमागे एक रोगी रुग्णालयातच दगावत असे, आणि जे जगत तेही एक-दोन वर्षांत रोग उलटून जात. १९७० मध्ये क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांनी सरळच असे प्रतिपादन केले, की अर्बुद काढण्याच्या भरीस न पडता पित्ताला व अन्नाला नुसता वळसा देऊन मार्ग करून दिला, तर रोगी तेवढाच किंवा अधिक जगतो. हे प्रतिपादन त्या काळाच्या आकड्यांवर उभे होते, आणि त्या आकड्यांपुरते ते खोटे नव्हते. आकडे बदलले ते नंतर: १९९३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून जॉन कॅमरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लागोपाठ १४५ रोग्यांवर ही शस्त्रक्रिया करून एकही मृत्यू झाला नसल्याचे जाहीर केले, तेव्हा क्राइल यांच्या मुकदम्यातील मुख्य पुरावाच गळून पडला. त्या १४५ मागे एखाद्या नव्या टाक्याची युक्ती नव्हती; एकाच ठिकाणी, त्याच हातांनी, त्याच परिचारिकांच्या व भूलतज्ज्ञांच्या साह्याने तेच काम पुनःपुन्हा केल्याचे ते फळ होते.

नीलेची कथा याच्या समांतर चालते. ऊर्ध्व आंत्र-नीलेचा तुकडा अर्बुदासह काढून तिची दोन्ही टोके पुन्हा जोडल्याचे वृत्त अमेरिकेत मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्येच प्रसिद्ध केले होते. परंतु या विचाराला सिद्धांताचे रूप दिले ते न्यूयॉर्कच्या जोसेफ फोर्टनर यांनी. १९७३ मध्ये त्यांनी अशी तजवीज मांडली, की स्वादुपिंडाचा कर्करोग त्याच्या आसमंतासह, नीला, गरज पडल्यास रोहिणी आणि सभोवारच्या लसीका-ग्रंथी यांसकट, एक प्रदेश म्हणून उचलून काढावा. कल्पना भव्य होती, आणि तिच्यासाठी रोग्यांनी दिलेली किंमतही भव्य होती. शस्त्रक्रियेतील मृत्यू व नंतरची गुंतागुंत इतकी मोठी, आणि दीर्घायुष्याचा लाभ इतका संदिग्ध, की पाश्चात्त्य देशांतील बहुतेक शस्त्रवैद्यांनी त्या मार्गाकडे पाठ फिरविली. जपानने मात्र ती वाट सोडली नाही. नागोया, ओसाका येथील शस्त्रवैद्यांनी पुढची वीस वर्षे प्रवेशिका नीलेचा प्रश्न चिकाटीने हाताळला, तिच्या आकुंचनाचे प्रकार पाडले आणि कोणत्या प्रकारात शस्त्र चालवून उपयोग आहे व कोणत्यात नाही हे ठरविण्याचा प्रयत्न केला. फोर्टनर यांची चूक कोठे होती असे मला विचारले, तर मी म्हणेन की त्यांनी नीला आणि रोहिणी यांना एकाच न्यायाने मोजले.

कारण या दोहोंत भेद आहे, आणि तो शस्त्राच्या सोयीचा नसून रोगाच्या प्रकृतीचा आहे. मस्तकातील अर्बुद नीलेला भिडते ते बहुधा नीला तेथून जाते म्हणून. अर्बुद विशेष क्रूर आहे म्हणून नव्हे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयाने २००४ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ज्या १४१ रोग्यांची वाहिनी, बहुतेकांची नीलाच, कापून जोडावी लागली त्यांचे मध्यक आयुर्मान २३.४ महिने होते, आणि ज्यांची वाहिनी अबाधित ठेवता आली त्यांचे २६.५ महिने, हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने योगायोगापलीकडचा ठरला नाही. शिवाय, आमच्या टेबलावर येणाऱ्या कापलेल्या नीलेचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता पुष्कळ वेळा असे आढळते, की तिच्या भिंतीत कर्करोगाची एकही पेशी नाही. अर्बुदाभोवती दाटणाऱ्या तंतुमय ऊतीने व दाहाने तिला चिकटवून टाकले होते, एवढेच. शस्त्रवैद्याला ते टेबलावर ओळखता येत नाही, आणि ओळखण्यासाठी नीलेला सोडवीत बसावे तर खरोखर अर्बुद असल्यास ते फाटते. म्हणून ती अर्बुदासकट काढणे हाच शहाणपणाचा मार्ग. मग टोकाला टोक जोडा, लहानशी चकती लावून भोक बुजवा, किंवा मानेतील अथवा अन्य ठिकाणची नीला घेऊन मध्ये पूल बांधा. प्लीहेची नीला बांधून टाकली तर पुढे जठराभोवतीच्या नीला फुगून रक्तस्राव होऊ शकतो, असे काही धोके आहेतच. परंतु अनुभवी हातात ही बाब आता नित्याची झाली आहे.

रोहिणीचे तसे नाही. तिची भिंत जाड असते, आणि तिच्याभोवती मज्जातंतूंचे दाट आवरण असते. स्वादुपिंडाचा कर्करोग मज्जातंतूंच्या आवरणातून सरपटत जाण्यात विशेष वाकबगार असल्यामुळे, तो रोहिणीपर्यंत पोहोचला याचा अर्थ पुष्कळदा असा होतो, की तो त्या वाटेने बराच पुढेही गेला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणात रोहिणी कापलेल्या रोग्यांत शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यूची जोखीम न कापलेल्यांच्या मानाने सुमारे पाचपट आढळली, आणि जगणाऱ्यांचे आयुष्यही तोकडे निघाले. ऊर्ध्व आंत्र-रोहिणीभोवतीचे मज्जातंतू पूर्ण खरवडून काढले, तर अतिसार रोग्याच्या पाठीस असा लागतो की अन्न पचण्याची पंचाईत होते. याला एक सन्मान्य अपवाद आहे. स्वादुपिंडाच्या धडात उद्भवलेले अर्बुद उदर-रोहिणीला भिडले असता तो बुंधा काढून टाकता येतो, कारण यकृताकडे रक्त नेणारा एक उलटा मार्ग आद्यांत्राच्या बाजूने उपलब्ध असतो. व्हँकूव्हरचे लायन ॲपलबी यांनी १९५३ मध्ये जठराच्या कर्करोगासाठी वर्णिलेली ही युक्ती जपानी शस्त्रवैद्यांनी स्वादुपिंडाकडे वळविली. अलीकडे हायडेलबर्ग, स्ट्रासबूर्ग अशा थोड्या केंद्रांनी रोहिणीचे आवरण सोलून काढण्याची अथवा प्रत्यक्ष रोहिणी कापण्याची कला बरीच पुढे नेली आहे. परंतु जगातील दहा-पाच जागी जे होते ते जिल्ह्याच्या ठिकाणी होईल असे मानणे म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळणे होय.

भेद मान्य झाला की सरहद्दीची मोजणी आली. पातळ कापांच्या सी. टी. चित्रांवर अर्बुद वाहिनीच्या परिघाचा किती भाग व्यापते हे अंशांत मोजण्याची पद्धत आता सर्वमान्य आहे. रोहिणीला स्पर्श नसेल आणि नीलेला असला तरी अर्ध्या परिघाच्या आत व तिचा आकार न बिघडविता असेल, तर अर्बुद काढण्याजोगे. ऊर्ध्व आंत्र-रोहिणीला १८० अंशांपर्यंत स्पर्श, किंवा नीलेला त्याहून अधिक स्पर्श असूनही तिची वरची व खालची टोके जोडण्याजोगी असतील, तर सीमावर्ती. रोहिणीला अर्ध्याहून अधिक वेढा, किंवा न जोडता येण्यासारखी नीला, हे स्थानिक दृष्ट्या पुढे गेलेले. या ‘सीमावर्ती’ वर्गाला ह्यूस्टनकरांनी २००६ च्या सुमारास नीटस व्याख्या दिली, आणि २०१४ मध्ये स्वादुपिंड-शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने त्यावर एकमताचे निवेदन काढले. त्या निवेदनाच्या सह्यांत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. शैलेश श्रीखंडे यांचे नाव आहे, ही मराठी वाचकाने अभिमानापेक्षा उपयुक्ततेच्या दृष्टीने नोंदवून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

अंशांची ही भाषा काटेकोर वाटते, आणि तिचा धोकाही त्या काटेकोरपणातच आहे. १७० आणि १९० या अंशांमध्ये अर्बुदाच्या स्वभावात काही क्रांती होत नाही. म्हणून २०१६ मध्ये जपानमध्ये सेंदाई येथे भरलेल्या परिषदेत तज्ज्ञांनी सीमावर्तीपणाच्या तीन बाजू मानल्या: शरीररचनेची, रोगाच्या जीवशास्त्राची आणि रोग्याच्या एकंदर प्रकृतीची. रक्तातील सी. ए. १९-९ हे द्रव्य ५०० एककांच्या वर असेल तर चित्रावर अर्बुद कितीही सोवळे दिसो, त्याला सीमावर्तीच समजावे. या द्रव्याच्याही दोन खोडी आहेत: काविळीत ते नुसत्या तुंबलेल्या पित्तामुळे वाढते, आणि शंभरांतील पाच-दहा माणसांच्या शरीरात ते जन्मतःच तयार होत नाही.

आता माझ्या खात्याविषयी. शस्त्रवैद्य रोग्याला ‘सगळं काढलं’ असे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. परंतु काढले की नाही हे ठरवायचे काम त्याचे नसून सूक्ष्मदर्शकाचे असते, आणि सूक्ष्मदर्शक काय सांगेल हे त्याच्याखाली कोणते काप ठेवले यावर अवलंबून असते. पूर्वी काढलेल्या मस्तकाचे चार-दोन ठिकाणचे नमुने घेऊन कापाची कड निर्मळ असल्याचा दाखला दिला जाई. लीड्सच्या कॅरोलिन व्हर्बेके व त्यांच्या सहकाऱ्यांनी सबंध भाग वेगवेगळ्या रंगांनी कडा रंगवून, आडव्या चकत्यांमध्ये कापून पाहण्याची रीत रूढ केली, आणि २००६ मध्ये त्यांना असे आढळले, की स्वादुपिंडाच्या अर्बुदांत ८५ टक्के वेळा कर्करोग कडेपासून एक मिलिमीटरच्या आत पोहोचलेला असतो. दोन वर्षांनी हायडेलबर्गनेही तशाच पाहणीत ७६ टक्के हा आकडा दिला. शस्त्र तेच, हात तेच. बदलली ती फक्त पाहण्याची रीत. तेव्हा वाहिनीसह केलेल्या शस्त्रक्रियेने ‘निर्मळ कडा’ मिळाल्याची शेखी मिरविणारे जुने लेख वाचताना वाचकाने आधी हे विचारावे, की कड कोणती, कोणत्या अंतरावर मोजली, आणि मोजणाराने किती चकत्या पाहिल्या. मी स्वतः असे दाखले वर्षानुवर्षे वाचीत आलो आहे, आणि त्यांतील पुष्कळांना आजच्या कसोटीवर काडीचाही आधार उरत नाही.

शस्त्राच्या आधी औषध द्यावे, हा विचार याच निराशेतून पुढे आला. २०११ मध्ये फ्रान्समधील ३४२ रोग्यांवरील परीक्षणात चार औषधांच्या मिश्रणाने, ज्याला फोल्फिरिनॉक्स म्हणतात, रोग इतरत्र पसरलेल्या माणसांचे मध्यक आयुर्मान ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर नेले. या रोगाच्या इतिहासात एवढी वाढ अपूर्वच होती. साहजिकच ते औषध सरहद्दीवरच्या रोग्यांना आधी देऊन पाहण्यात आले, आणि तेथे एक विलक्षण पेच उभा राहिला: औषधानंतरच्या सी. टी. चित्रात वाहिनीभोवतीचा वेढा तसाच दिसतो, पण उदर उघडून पाहिल्यावर तो वेढा पुष्कळदा मृत, तंतुमय ऊतीचा निघतो. बोस्टनच्या शस्त्रवैद्यांनी २०१५ मध्ये हे निदर्शनास आणल्यापासून चित्रावर विसंबून रोग्याला ‘निघणार नाही’ असा हुकूम ऐकविणे कठीण झाले आहे, आणि चित्रावर विसंबून प्रत्येकाला टेबलावर घेणेही तितकेच कठीण. ज्या काळात रोग्याला औषध देऊन थांबले, त्या तीन-चार महिन्यांतच रोग आपले खरे रूप दाखवतो. ज्याच्या यकृतात या अवधीत गाठी उमटल्या, त्याची नीला कितीही कौशल्याने जोडली असती तरी त्या गाठी चुकल्या नसत्या.

या संदर्भात नेदरलँड्समधील एका परीक्षणाचा दाखला मला सर्वांत उद्बोधक वाटतो. काढण्याजोग्या व सीमावर्ती अशा २४६ रोग्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून सरळ शस्त्रक्रियेकडे, व निम्म्यांना आधी औषध व किरणोपचाराकडे पाठविले. पहिल्या गटात ७२ टक्क्यांचे अर्बुद निघाले, दुसऱ्यात ६१ टक्क्यांचेच. केवळ शस्त्रक्रियागृहाचे दफ्तर पाहणारा म्हणेल, की औषधाने अकरा टक्के लोकांची संधी घालविली. परंतु आरंभी चिठ्ठी निघालेल्या सर्वांना धरून पाच वर्षांनी मोजणी झाली, तेव्हा पहिल्या गटातील ६.५ टक्के आणि दुसऱ्यातील २०.५ टक्के हयात होते. हा लाभ वाहिनीच्या शिवणीत दिसत नाही, शस्त्रक्रियागृहाच्या वहीतही दिसत नाही. मार्गाला लागलेल्या प्रत्येक रोग्याला, वाटेत गळालेल्यांसह, धरले तरच तो दिसतो. उलट, निघणाऱ्या अर्बुदांवर आधी फोल्फिरिनॉक्स देण्याचा उत्तर युरोपातील प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लाभ दिसून आला नाही. म्हणजे एका गटाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या माथी मारण्याची मुभा कोणालाच नाही.

एवढ्यावरून रोहिणी-शस्त्रक्रियेच्या बाजूने येणाऱ्या आकड्यांकडे कसे पाहावे हे उघड होते. औषध सोसून, सहा महिने टिकून, चित्रावर स्थिर राहून, सी. ए. १९-९ खाली आलेले जे निवडक रोगी टेबलापर्यंत पोहोचतात, ते मुळातच दीर्घायुषी वाणाचे असतात. त्यांचे आयुष्य शस्त्रामुळे वाढले की त्या वाणामुळे, हे एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळून कधीच सिद्ध होणार नाही. रोहिणी कापणे आणि न कापणे यांची चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना अद्याप झालेली नाही, आणि ती सहजासहजी होईल असे दिसतही नाही. म्हणूनच त्या बाबतीत मी या संग्रहातील काही उत्साही लेखकांपेक्षा सावध आहे, हे येथे नमूद करून ठेवतो. त्यांचे लेख वाचून वाचकाने माझ्याविरुद्ध मत बनविले, तरी मला वाईट वाटणार नाही.

राहता राहिली आपल्याकडची परिस्थिती. हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात कमी आढळतो, यामुळे त्याचा अनुभव थोड्या मोठ्या रुग्णालयांत एकवटलेला आहे, आणि तेच एका परीने इष्टही आहे. पण महाराष्ट्रातला रोगी तेथे पोहोचतो तो पुष्कळदा कावीळ उतरविण्याचे गावठी उपाय करून, पथ्याने अर्धा झालेला, आणि कोठेतरी पित्तनलिकेत नळी बसवून घेतलेला. ती नळी सी. टी. काढण्यापूर्वीच बसलेली असेल, तर तिच्या भोवतीची सूज आणि अर्बुद यांची सरमिसळ होऊन वाहिनीशी असलेल्या स्पर्शाचे मोजमाप बिघडते. म्हणजे ज्या अंशांवर पुढचा सारा खल अवलंबून आहे, ते अंश पहिल्याच दिवशी घाईने पुसले गेलेले असतात. कावीळ झालेल्या, वजन घटलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा स्वादुपिंड पाहणारा सी. टी. आधी आणि नळी मागून, असा साधा क्रम तालुक्याच्या डॉक्टरांनी पाळला, तर या संग्रहातील निम्म्या वादांना निदान स्वच्छ चित्रांचा पाया मिळेल. पुढील पहिला लेख त्याच क्रमाविषयी आहे.